रातपाळी आणि शरीरातले घड्याळ

साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की गावातले कितीतरी जण पाळीवर जाऊ लागतात. जे कारखान्यात नाहीत त्यांनाही रातपाळी चुकत नाही. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की ऐन थंडीत बॅटरी घेऊन दारे धरायला जावेच लागते. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, पण ती जिथे पोचली नाही तिथे जागरण आहेच.

"रात्री जागलो तर काय झाले, दिवसा झोप काढू," असे आपण म्हणतो. पण दिवसभर पडून राहिले तरी अंग जडच राहते, पोट साफ होत नाही, घरात चिडचिड होते. असे का होते, ते समजून घ्या.

घड्याळ कोठे असते?

धारेची वेळ झाली की गाय हंबरते. तिला वेळ कोण सांगतो? १७२९ साली फ्रान्समध्ये द मेराँ या शास्त्रज्ञाने लाजाळूचे झाड अंधारात ठेवून पाहिले. ऊन नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत. म्हणजे वेळ झाडाच्या आतच होती. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांच्या शरीरात हे घड्याळ कसे चालते, ते शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाचे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या मागे असते. सुमारे २०,००० पेशींचा तो इवलासा पुंजका आहे. डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडावरून तो वेळ जुळवून घेतो. यकृत, जठर, स्वादुपिंड यांचीही आपापली घड्याळे असतात. ती मात्र जेवणाच्या वेळेकडेही पाहतात. रात्री दोनला भाकरी खाल्ली की पोट म्हणते दिवस आहे, मेंदू म्हणतो रात्र आहे. जोडीतला एक बैल पुढे आणि दुसरा मागे ओढू लागला तर औत कसे चालणार?

साखर का चढते?

अंधार पडल्यावर मेंदूतून झोपेचा एक रस रक्तात उतरतो. त्याच वेळी स्वादुपिंडाचे इन्सुलिन मंदावते. त्यामुळे तेच जेवण सकाळी घेतले तर पचते, पण मध्यरात्री घेतले तर रक्तातली साखर जास्त चढते. वर्षानुवर्षे रातपाळी करणाऱ्यांत मधुमेह, वजनवाढ आणि हृदयविकार जास्त आढळतात, त्यामागचे हे एक कारण मानले जाते. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास अंगातली ऊब सर्वांत कमी असते आणि डोळा हटकून लागतो. गव्हाणीजवळ, स्टार्टरजवळ किंवा विहिरीच्या काठावर या वेळी विशेष जपा.

काय करावे?

पोटभर जेवण पाळीवर जाण्यापूर्वी, संध्याकाळीच करा. मध्यरात्रीनंतर भूक लागलीच तर मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे खा, पाणी प्या. भजी, गोड चहा आणि बिस्किटे टाळा. चहाचा अंमल बराच वेळ राहतो, म्हणून पाळीच्या उत्तरार्धात चहा नको. जाण्याआधी तासभर डुलकी काढली तर पहाट सोपी जाते. घरी येताना डोळे मिटू लागले तर मोटारसायकल बाजूला लावून थोडे झोपा, मग निघा.

घरी आल्यावर अंधाऱ्या खोलीत झोपा. खिडकीला जाड गोधडी लावा, मोबाईल दूर ठेवा. दारू घेऊन येणारी झोप ही झोप नव्हे.

पाळी संपल्यावर एका दिवसात घडी बसेल अशी आशा धरू नका. हे घड्याळ ढोबळमानाने दिवसाला एक तास सरकते, म्हणून सुट्टीतले पहिले दिवस जड जातात. त्या दिवसांत सकाळी लवकर उठा, कोवळ्या उन्हात शेताला फेरी मारा, न्याहारी आणि जेवण ठरल्या वेळी घ्या, दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपू नका. पाळी सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने बदलली तर शरीराला सोपे जाते. उलट क्रम असेल तर कामगारांनी मिळून कारखान्याशी बोलावे.

माउल्यांनो, झोपलेल्या माणसाला "एवढे बाजारचे आणून द्या" म्हणून उठवू नका. पाहुण्यालाही दारातच थांबवा. आणि कारभाऱ्यांनो, पहाटेच्या पाळीचा डबा करायला तीनला उठणाऱ्या बाईचेही घड्याळ मोडते, हे ध्यानात ठेवा. भाकरी रात्रीच करून ठेवू द्या, दुपारी तिला निवांत तासभर पडू द्या.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर पाळी बदलताना तिची वेळ मनाने बदलू नका, डॉक्टरांना विचारा. आणि हंगाम संपला की एकदा रक्तातली साखर तपासून घ्या.