दर सेकंदाला बारा परार्ध

एप्रिलात सोलापूरचा पारा ४२ च्या वर चढला की ऊन ही काही विकत आणायची वस्तू वाटत नाही. तरी जुळे सोलापुरात कुणी दिवाणखान्यात दोन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, तीत नेमो मासा सोडला आणि त्याच्या सोबतीला समुद्रफूल, म्हणजे अ‍ॅनिमोनी, आणायचं ठरवलं की पहिला प्रश्न उजेडाचाच येतो. टाकी खिडकीत सरकवून भागत नाही. या जिवाला पाणी लागतं २५-२६ अंशांचं. आपल्या खिडकीत दुपारभर ठेवलं तर त्याचा रस्सा होईल. मग दिवा घ्यायचा, पण कोणता? दुकानदार वॅट सांगतो. वॅट थोडा वेळ विसरा. चला, आज उजेड दाण्यादाण्याने मोजून घेऊ.

पाण्याचं आधी उरकून टाकतो. टाकी ६५ लिटरची, समुद्राचा खारटपणा लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन किलो मीठ. ते खास मत्स्यालयाचं असतं, किराणा दुकानातलं चालत नाही. मळ्यातली वीस फूट रुंदीची, तुडुंब भरलेली विहीर इतकीच खारी करायची झाली तर दहा टन, ट्रकभर मीठ लागेल. बस. मिठाच्या आकड्यांत एवढाच दम आहे. धुमाकूळ आहे तो उजेडात.

समुद्रफूल दिसायला फूल, जातीने प्राणी. तोंडाभोवती बोटांसारखे गुबगुबीत हात, काही जातींत टोकाला इवला फुगा. त्या हातांच्या कातडीत एकपेशीय शैवाल राहतं. एकेक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. किती राहतात? एका चौरस सेंटिमीटरमध्ये, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेत, दहा लाखांच्या घरात! २०११ च्या जनगणनेत अख्ख्या सोलापूर शहराची लोकसंख्या होती ९ लाख ५१ हजार. सात रस्ता, नवी पेठ, बाळीवेस, सगळं शहर एका नखावर, वर पन्नास हजार पाहुणे! दहा सेंटिमीटर पसरलेल्या फुलाचा नुसता वरचा पसारा धरला तरी अशी ७८ शहरं, म्हणजे जवळजवळ आठ कोटी भाडेकरू. ते भाडं साखरेत देतात. दिवसभर उजेड खायचा, साखर करायची आणि त्यातली बरीचशी घरमालकाला पोचवायची. मालकाला वरून कोळंबीचा तुकडा मिळाला तर तो खातो, पण घर चालतं ते या भाड्यावर.

आता या आठ कोटींना जेवायला किती लागतं ते पाहू. उजेड कणांनी येतो, आणि हौशी मंडळी ते कण ‘पार’ नावाच्या मापात मोजतात. एक पार म्हणजे एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणारे सहावर सतरा शून्यं इतके कण. भर दुपारी सोलापूरच्या गच्चीवर हे माप २,००० च्या आसपास जातं. दिवाणखान्यात ट्यूबलाइटखाली? तीन-चार! आपल्याला खोली लख्ख दिसते, कारण डोळा मोठा लबाड हिशेबनीस आहे. समुद्रफुलाला लागतात दोनशे ते तीनशे. आपण २५० धरू.

अडीचशे पारचा उजेड एका नखावर पडला की दर सेकंदाला दीडशे कोटी गुणिले एक कोटी कण. ते दहा लाख भाडेकरूंत वाटा. एकेकाच्या वाट्याला १,५०० कोटी. दर सेकंदाला! कणाला रुपया धरला, तर प्रत्येक सोलापूरकराच्या खात्यात टिचकी वाजवायच्या आत दीड हजार कोटी जमा. पुढच्या टिचकीला आणखी दीड हजार कोटी. २०२५-२६ चा केंद्रीय अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा होता. एकट्या शैवालाच्या पेशीकडे तेवढी रक्कम ५६ मिनिटांत जमते. आणि असे आठ कोटी कुबेर एका फुलात!

अख्ख्या फुलाची बेरीज करायला गेलं की कोटी अपुरे पडतात. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त दहाच्या पटीने संख्यांची नावं दिली आणि परार्धावर, एकावर सतरा शून्यांवर, यादी थांबवली. आपल्या फुलावर दर सेकंदाला बारा परार्ध कण पडतात. यादीतलं शेवटचं नाव हा दिवा सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत मागे टाकतो.

परार्ध म्हणजे किती? मंगळवेढ्याची ज्वारी घ्या, मूठभर, तळहातावर पसरा. हजार दाणे साधारण ३० ग्रॅम भरतात. एक परार्ध दाणे भरतात ३०० कोटी टन! जगभरात गहू, तांदूळ, मका, ज्वारी, सगळं धान्य मिळून वर्षाला तीनशे कोटी टनांच्या आतबाहेर पिकतं. म्हणजे एका सेकंदाचा उजेड ज्वारीत मोजला तर साऱ्या जगाचं बारा वर्षांचं धान्य. मालगाड्यांत भरू या? एका गाडीत २,६०० टन. गाड्या लागतील १ कोटी ३८ लाख. एक गाडी सहाशे मीटरची धरून एकामागे एक जोडल्या तर ८३ लाख किलोमीटर: मुंबई ते पुणे पंचावन्न हजार वेळा, किंवा चंद्रापर्यंत दहा वेळा जाऊन-येऊन वर शेपूट उरेल. सोलापूरच्या फाटकात अडकलेल्यांनी गाडी बंद करून घरी जावं हे उत्तम.

आणि ही गर्दी चालते किती वाटेवर? फूटभर! दिव्यापासून फुलापर्यंतचं अंतर उजेड सेकंदाच्या अब्जाव्या भागात, पाण्यामुळे फार तर जरा उशिरा, कापतो. तेवढ्या क्षणात वाटेवर असलेले कण मोजले तर सव्वाशे-दीडशे कोटी. अख्खा भारत एका फुटात, सतत, आणि धक्काबुक्की नाही.

आता दिवा घेऊ. टाकीचं तोंड ६० बाय ३० सेंटिमीटर, म्हणजे ०.१८ चौरस मीटर. गुणिले २५०, झाले ४५. चांगला एलईडी एका वॅटमागे साधारण २ देतो. कागदावर तेवीस वॅट पुरे. पण निम्मा उजेड काचेबाहेर सांडतो, पाण्यात विरतो. म्हणून पन्नास वॅटचा, भिंगवाला, कमी-जास्त करता येणारा घ्या. रंग निळ्याकडे झुकलेला हवा. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे. तिथली प्रवाळं वीस मीटरहून खोल राहतात आणि असंच शैवाल पाळतात. डोक्यावर सात मजले पाणी! त्यातून तांबडा पहिल्या काही मीटरांतच गळतो, तळाशी पोचतो तो निळा. तेव्हा निळ्या दिव्याला दुकानदाराची फॅशन समजू नका. पार मीटर कुणाकडून मागून आणा आणि फूल बसेल तिथे पाण्यात धरून आकडा वाचा. मात्र पहिल्याच दिवशी बटण शंभरावर नेलंत तर एवढं जेवण भाडेकरूंना बाधतं, फूल त्यांना हाकलून देतं आणि स्वतः पांढरंफटक पडतं. आठवड्या-आठवड्याने वाढवा.

खर्चाची धास्ती नको. आपल्या जिल्ह्यातलं एनटीपीसीचं केंद्र १,३२० मेगावॅटचं. एकट्याच्या जिवावर असे २ कोटी ६४ लाख दिवे लागतील. त्यात जळणारा गोंडवनी कोळसा डायनोसॉरही जन्मले नव्हते तेव्हाचा, म्हणजे पंचवीस कोटी वर्षं मुरलेलं ऊन. तुमचा दिवा दिवसाला दहा तास चालला तर अर्धं युनिट, महिन्याला पंधरा. दहाचा दर धरा, दीडशे रुपये.

दीडशे रुपयांत फुलाला मिळतात १ कोटी २९ लाख ६० हजार परार्ध कण. पैशाला ८६४ परार्ध! ज्वारीत सांगायचं तर एका पैशात साऱ्या जगाचं ८६४ वर्षांचं पीक, आजच्या हिशेबाने, ‘लीलावती’ लिहिली गेली तेव्हापासून जवळजवळ आजपर्यंतचं. घासाघीस करायची तर दिव्याच्या किमतीवर करा, उजेडावर नको.