जाजऊ : औरंगजेबाच्या वारसांची लढाई

३ मार्च १७०७ रोजी अहमदनगर येथे औरंगजेब वारला, तेव्हा त्याचे तीन मुलगे हयात होते. थोरला मुअज्जम खैबर खिंडीच्या तोंडाशी जमरूदला होता, धाकटा कामबक्ष विजापूरकडे. मधला आझमशाह मात्र छावणीपासून काही मजलांवरच होता. थोरल्यालाच गादी, असा दंडक मुघलांत नव्हता. आझम तातडीने परतला आणि त्याने स्वतःला बादशाह जाहीर केले.

वजीर असदखान, त्याचा मुलगा झुल्फिकारखान आणि दक्षिणेत मुरलेली फौज, असे सगळे बळ आझमकडे आले. नव्हता तो पैसा. पंचवीस वर्षांच्या दख्खन मोहिमेत खजिना आटला होता, शिपायांचे पगार थकले होते. मोठा साठा आग्र्याच्या किल्ल्यात होता आणि खरी शर्यत तिथवरचीच होती. मुअज्जमचा दिवाण मुनीमखान याने लाहोरास पैसा, उंट आणि होड्यांची तजवीज आधीच करून ठेवली होती. मुअज्जमचा मुलगा अझीमुश्शान बंगालहून येऊन आग्र्यात शिरला. आझमचा कर्तबगार मुलगा बेदारबख्त गुजरातेतून पुढे जाऊ शकला असता; पण बापाला त्याचाच संशय. त्याला माळव्यात थांबवून ठेवण्यात आले.

आग्र्याकडच्या याच प्रवासात, नर्मदेपलीकडे दोराहा येथे, आझमने मुघलांच्या कैदेतील संभाजीपुत्र शाहूराजांना सोडले. मराठ्यांचा कारभार पाहणाऱ्या त्यांच्या चुलती ताराबाई यांच्या पक्षात फूट पडावी, हा हिशेब उघड होता. शाहूंच्या मातोश्री येसूबाई मात्र ओलीस राहिल्या.

मुअज्जमने राज्याची वाटणी देऊ केली, ती आझमने धुडकावली. तोफांच्या भरवशावर लढणे त्याला कमीपणाचे वाटे. जड तोफा आणि बुणगे मागे ठेवून तो पुढे आला. २० जून १७०७ रोजी आग्र्याच्या दक्षिणेला जाजऊजवळ गाठ पडली. त्याच्या आघाडीने मुअज्जमचे पुढचे तंबू जाळले आणि सुरुवात तर जिंकल्यासारखी झाली. पण ऐन उन्हाळा, पाण्याची टंचाई आणि तोंडावर येणारा धुळीचा वारा यांनी फौज हैराण झाली. कोट्याचा रामसिंह हाडा आणि दतियाचा दलपतराव बुंदेला पडले. झुल्फिकारखानाने ग्वाल्हेरची वाट धरली. अंबरचा जयसिंह शत्रूला जाऊन मिळाला. बेदारबख्त आणि त्याचा भाऊ वालाजाह मारले गेले. आझम हटला नाही. हत्तीवरच त्याला गोळी लागली. त्याचे शिर कापून रुस्तमदिलखानाने मुअज्जमपुढे नेले.

मुअज्जम बहादूरशाह या नावाने तख्तावर राहिला. कामबक्षाचा निकाल जानेवारी १७०९ मध्ये हैदराबादजवळ लागला. सुटकेच्या वेळी आझमने शाहूंना दिलेल्या वचनांचा धनीच उरला नव्हता. बहादूरशाहाने सरदेशमुखीचा महसुली हक्क देण्याची तयारी दाखवली, पण छत्रपती कोण हे शाहू आणि ताराबाईंनी आधी आपसांत ठरवावे, असे सांगितले. येसूबाई परतल्या त्या १७१९ मध्ये.