दोन इंचांचा हिशेब

रायपूरच्या टाटीबंध चौकातून रिंग रोडने भनपुरीकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रकचा संसार मांडलेला दिसतो. बॉडी बांधणारे, वेल्डिंगवाले, रेडिएटरवाले, टायर रिमोल्ड करणारे आणि मधूनमधून कमानपाट्यांची दुकानं. उरला आणि सिलतऱ्याचे पोलाद कारखाने इथून हाकेच्या अंतरावर. मुंबई-कोलकाता हमरस्ता, म्हणजे आताचा 53 क्रमांकाचा, याच भागातून जातो आणि बस्तरकडे जाणारा 30 क्रमांकाचा रस्ता रायपुरातूनच दक्षिणेला उतरतो. वजन वाहणारी प्रत्येक गाडी कधी ना कधी पाटा मोडून घेते, त्यामुळे या दुकानांना गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

गेल्या काही वर्षांत त्यांच्याकडे वेगळंच गिऱ्हाईक येऊ लागलं आहे. त्याचा पाटा मोडलेला नसतो. त्याला पिकअप उंच करून हवी असते आणि खाली मोठे टायर हवे असतात. यात दोन जाती आहेत. एक इसुझू व्ही-क्रॉसवाला, पांढऱ्या नंबर प्लेटचा हौशी. त्याने परदेशातल्या गाड्यांचे व्हिडिओ पाहिलेले असतात. दुसरा बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धावाला, पिवळ्या प्लेटचा. त्याला हौस परवडत नाही, त्याची गाडी खरोखरच अडकते. छत्तीसगडच्या शेतकऱ्याने आपल्या जमिनींना नावं दिलेली आहेत. मुरमाड, उघडी ती भाठा आणि काळी, चिकट ती कन्हार. पावसाळा लांबला की कन्हारच्या चाकोऱ्या इतक्या खोल होतात की गाडीचा मागचा डिफरन्शियल मधल्या वरंब्यावर टेकतो आणि चाकं जागच्या जागी फिरत राहतात. नोव्हेंबरात सरकारी धान खरेदी सुरू होते, तेव्हा अशा शेतातून चाळीस किलोचे कट्टे भरून बाहेर पडायचं असतं.

दोघांची मागणी मात्र एकच: “भैया, गाडी दो इंच उठा दो।”

आता हे दोन इंच नेमके कुठे हवेत, हा प्रश्न पहिल्यांदा विचारणारा मिस्त्री चांगला, अशी माझी साधी कसोटी आहे. गाडीची उंची दोन ठिकाणी मोजतात. चॅसी जमिनीपासून किती वर आहे ही एक आणि मागच्या डिफरन्शियलच्या हाउसिंगचं पोट जमिनीपासून किती वर आहे ही दुसरी. पाट्याखाली ठोकळा घालून, शॅकल लांब करून किंवा पुढच्या स्प्रिंगवर स्पेसर बसवून फक्त पहिली उंची वाढते. हाउसिंग एक मिलिमीटरही वर येत नाही, कारण ते चाकांवर टेकलेलं असतं. ते वर घ्यायचं तर मोठा टायर हाच उपाय आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्माच कामाला येतो. 215/75 आर 15 टायरचा व्यास सुमारे 703 मिलिमीटर, 235/75 आर 15 चा 733. फरक 30, पण हाउसिंग वर येतं 15 मिलिमीटर. म्हणजे धानाच्या शेतात अडकणाऱ्या माणसाला एवढ्या खटाटोपातून दीड सेंटिमीटर मिळतो. बाकीची सगळी उंची असते ती टायर मडगार्डला घासू नये म्हणून.

हे कळल्यावर निम्म्या लोकांनी घरी जायला हवं. जात नाहीत.

पण गाडी उचलण्याआधी आणखी एक गोष्ट बघायला हवी आणि ती सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे: कमान मुळात बसलेली तर नाही? पाच-सात वर्षं क्षमतेपेक्षा जास्त माल वाहिलेल्या पिकअपचे पाटे सपाट होतात, कधी उलटे वाकतात. अशी गाडी कारखान्यातून आली तेव्हाच्या उंचीवर परत आणली तरी मालकाला ‘उचलली’ असंच वाटतं. यात गाडीच्या मूळ रचनेला कुठे धक्का लागत नाही आणि कागदपत्रांचा प्रश्नही येत नाही. मात्र पाट्याला पुन्हा बाक देण्यातही फसवणूक होते. गॅस कटरच्या ज्वाळेवर पाटा लाल करून ठोकला की तो हवा तसा वाकतो, पण त्या भागाचं पाणी उतरतं. स्प्रिंगचं पोलाद साधारण साडेआठशे-नऊशे अंशांपर्यंत तापवून तेलात विझवतात आणि पुन्हा साडेचारशे-पाचशे अंशांवर शेकतात, तेव्हा कुठे त्याला वाकून परत सरळ होण्याची ताकद येते. हा उपचार झाला नाही तर तो पाटा काही महिन्यांत पुन्हा बसतो किंवा जिथे ज्वाळा लागली तिथेच मोडतो. नवा पाटा घेणं महाग वाटतं खरं, पण बस्तरच्या वाटेवरच्या केशकालच्या घाटात मुख्य पाटा मोडला तर काय महाग पडतं ते तिथे अडकलेल्या ड्रायव्हरला विचारावं.

आणि ज्याला खरोखर उचलायचीच आहे त्याचं काय?

मागच्या बाजूचं काम दिसायला सोपं. चॅसीला जॅक लावून गाडी वर घ्यायची, चॅसीखाली दोन्ही बाजूंना घोड्या ठेवायच्या, पुढच्या चाकांना दगड लावायचे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणारा माणूस मी पाहिला की माझी जीभ टाळ्याला चिकटते, कारण हायड्रॉलिक जॅकचा सील कधी सुटेल याची वेळ ठरलेली नसते. मग हाउसिंगला आधार देऊन यू-बोल्ट सोडायचे, पाटा आणि हाउसिंग यांच्या मध्ये ठोकळा सरकवायचा आणि लांब यू-बोल्ट घालून कसायचं. जुने यू-बोल्ट परत वापरायचे नसतात. एकदा ताणले गेले की त्यांचे आटे पूर्वीसारखे पकडत नाहीत. ठोकळ्यावर ठोकळा रचणं हा आणखी एक प्रकार. तो पाहिल्यावर तरी गाडी मागे घ्यावी. ब्रेक जोरात लागला की हाउसिंग स्वतःभोवती पिळायला बघतं आणि रचलेल्या ठोकळ्यांची थप्पी निसटायला वेळ लागत नाही. पुढच्या एक्सलवर ठोकळा तर अजिबात नको, कारण तिथे स्टीअरिंगही आहे आणि सगळ्यात जास्त ब्रेकही.

शॅकल लांब करायचा तर हिशेब निराळा. शॅकल पाट्याच्या फक्त एका टोकाला असतो, त्यामुळे तो 50 मिलिमीटर लांब केला तर एक्सलवर गाडी जेमतेम 25 उचलते. वर हाउसिंग थोडं फिरतं, पिनियनचा कोन बदलतो आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस वाकड्या कोनात चालू लागतो. ठरावीक वेगाला गाडी थरथरायला लागली की लोक चाकांचं बॅलन्सिंग करून घेतात. दोष तिथे नसतोच. पाटा आणि हाउसिंग यांच्यामध्ये पाचर घालून कोन पूर्ववत करायला हवा.

व्ही-क्रॉससारख्या गाडीत पुढे पाटे नाहीत, दुहेरी विशबोन आणि कॉइल स्प्रिंग आहे. स्प्रिंग हाताच्या मध्ये कुठेतरी टेकते, चाक हाताच्या टोकाला असतं. म्हणून एक इंचाचा स्पेसर चाकापाशी दीड-पावणेदोन इंचांचा होतो. ही गंमत न कळणारा माणूस दोन इंचांचा स्पेसर टाकतो आणि मग बॉल जॉइंट शेवटच्या टोकाला जाऊन बसतात. फोर-व्हीलमधल्या सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो, त्याचं रबरी बूट फाटतं आणि आत बस्तरची लाल धूळ शिरते. एकदा धूळ शिरली की जॉइंट वाजायला लागायला महिनाही पुरतो.

पण सगळ्यांत गप्प बसणारा आणि सगळ्यांत धोकादायक भाग वेगळाच आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चॅसीपर्यंत एक बारीक दांडी जाते आणि ती एका झडपेला जोडलेली असते. लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह म्हणतात तिला. गाडी रिकामी असली की चॅसी वर असते, दांडी ताणली जाते आणि झडप मागच्या चाकांना ब्रेकचा दाब कमी देते. नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं लगेच लॉक होऊन घसरतील. माल भरला की चॅसी दबते आणि दाब वाढतो. गाडी दोन इंच उचलली आणि दांडी तशीच ठेवली, तर झडपेच्या दृष्टीने गाडी कायमची रिकामीच राहते. वर चाळीस कट्टे धान आणि मागचे ब्रेक रिकाम्या गाडीइतके. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. उतारावर जाणवतं आणि तेव्हा उशीर झालेला असतो. दांडीचा ब्रॅकेट त्या मापाने बदलायला अर्धा तासही लागत नाही, मात्र ती तिथे आहे हे माहीत हवं. ब्रेकचे रबरी पाइपही तपासायचे असतात. चाकं हवेत लोंबकळत असताना पाइप ताणलेला दिसला, तर लांब पाइप बसवल्याशिवाय गाडी खाली उतरवायची नाही.

टायरचा आकार बदलला की इतर आकडेही बदलतात. व्यास सव्वाचार टक्क्यांनी वाढला तर काटा 60 दाखवताना गाडी 62 च्या वर असते. तेवढाच जोर कमी पडतो आणि तेवढाच ब्रेकवर ताण वाढतो. याहून महत्त्वाचं म्हणजे टायरवरचा भारांक. 105 भारांक म्हणजे एका टायरवर 925 किलो, 112 म्हणजे 1120. एसयूव्हीचा रुंद, रुबाबदार टायर पिकअपला बसतो, दिसतोही छान, पण भारांकात मालवाहू टायरच्या मागे पडतो. कन्हारमध्ये तर उंचीपेक्षा नक्षीचाच उपयोग जास्त. खोल, मोकळ्या खाचा असलेला टायर चिखल बाहेर फेकतो, बारीक नक्षीचा मोठा टायर चिखलाने भरून गुळगुळीत होतो.

उलटण्याचा धोका आकड्यात मांडता येतो. दोन चाकांमधलं निम्मं अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची. भरलेल्या पिकअपचं निम्मं अंतर 700 मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य 900 वर धरू, तर भागाकार 0.78 येतो. तीच गाडी 75 ने उचलली की 0.72. केशकालच्या बारा वळणांवर हे शतांश कामाला येतात.

कायदा या सगळ्यात हौशी माणसाच्या बाजूने नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत फेरफार करू देत नाही आणि 9 जानेवारी 2019 ला केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-अ मध्ये शिक्षा आली: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे 5000 रुपये दंड किंवा दोन्ही. पिवळ्या प्लेटच्या मालवाहू गाडीच्या नोंदणीत तर दोन्ही एक्सलच्या टायरचं मापही लिहिलेलं असतं. अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर आधी ते माप बघतो. म्हणून शहाणा मार्ग एवढाच, की उत्पादकाने त्याच गाडीच्या एखाद्या प्रकाराला मान्य केलेलं माप घ्यावं, कमान मूळ उंचीवर आणावी आणि थांबावं.

इतकं सांगूनही जो थांबत नाही त्याच्यासाठी काम संपल्यावरची यादी उरते: चाकांचं अलाइनमेंट, हेडलाइट खाली वळवणं, स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून टायर कुठे घासतो का पाहणं, मग माल भरून तेच पुन्हा. आणि शंभर-दोनशे किलोमीटर चालवून यू-बोल्ट परत कसायला येणं, कारण नवे बोल्ट बसताना ढिले पडतात. यासाठी कोणताच मिस्त्री सहसा पैसे घेत नाही. तरी धानाच्या दिवसांत गिऱ्हाईक परत येत नाही, खरेदी केंद्रावरचं टोकन त्याच्यासाठी थांबत नाही ना.