काळी, पांढरी आणि माळवद

मराठवाड्यात गावाची जमीन परंपरेने दोन नावांनी ओळखली जाते: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. घर ही मिळकत कागदावर एकटी नोंदली जाते, तरी तिचे रूप आणि तिची सोय या दोहोंवर अवलंबून असते. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, रेणुकेच्या डोंगराभोवतीच्या माहूर परिसरात साग आणि बांबू हाताशी असल्याने कोलाम व गोंड वस्त्यांत कुडाचे घर, म्हणजे बांबू-काटक्यांच्या विणीवर शेणमाती लिंपलेल्या हलक्या भिंतींचे घर, रुळले. लातूर-धाराशिवच्या उघड्या पठारावर मात्र काळा दगड आणि माती मुबलक असल्याने माळवदाचे घर रूढ झाले.

माळवद म्हणजे मातीचे सपाट छत. खांबांवर तुळया, तुळयांवर किलचण म्हणजे आखूड लाकडांची दाट मांडणी आणि तिच्यावर पांढरीच्या मातीचा चोपलेला जाड थर, अशी त्याची रचना असते. दोन खांबांमधील जागेला खण म्हणतात आणि घराचा आकार खणांतच सांगतात. हा थर उन्हाळ्यात घर गार ठेवतो, माळवदावर वाळवणे पडतात आणि रात्री अंथरुणेही. परंतु पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी दरवेळी नवी माती घातली गेल्याने छताचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर गावे झोपेत असताना, याच पठारावरील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हेच ओझे जीवघेणे ठरले आणि सुमारे ८ हजार माणसे दगावली. जाड दगडी भिंती आतून-बाहेरून दोन पडद्यांत रचलेल्या होत्या, मधे गोटे आणि मातीची भर होती, आणि दोन्ही पडद्यांना बांधणारे आरपार दगड बहुधा नव्हते. त्यामुळे हादऱ्यासरशी पडदे सुटले.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. भूमिहीन व अल्पभूधारकांना २५०, मध्यम शेतकऱ्यांना ४०० आणि मोठ्या शेतकऱ्यांना ७५० चौरस फुटांचे घर, अशी वाटणी जमीनधारणेनुसार झाली. सोबत सरळ रुंद रस्ते, शाळा, समाजमंदिर आणि पाण्याची सोय आली. जुन्या गावठाणात भिंतीला भिंत लागून होती आणि गल्लीच बैठकीची जागा होती. नव्या वसाहतीत घरे सुटी आणि दूरदूर झाली, पण अंगणाला, गोठ्याला, झाडांना जागा मिळाली. अनेक ठिकाणी वस्ती थेट काळीवर आली, आणि पाण्याने फुगून उन्हात भेगाळणाऱ्या या मातीत पाया घालताना विशेष काळजी घ्यावी लागते.

ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही तेथील दुरुस्ती अधिक बोलकी आहे. माळवदावरची जादा माती उतरवणे, भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे बसवणे, छताखालून सलग पट्टा फिरवणे, एवढ्या उपायांनी जुने घर आपल्याच गल्लीत, आपल्याच पांढरीवर बरेच सुरक्षित करता येते. म्हणून अशा घराचा विचार करताना क्षेत्रफळ आणि सोयींच्या यादीआधी दोन गोष्टी पाहाव्यात: भिंतीचे दोन पडदे एकमेकांना धरून आहेत का, आणि दार उघडल्यावर हाकेच्या अंतरावर शेजार आहे का.