पिसाकची काठी आणि महाराची काठी

परंपरा हा शब्द कानावर आला की आंबेडकरी माणूस सावध होतो, आणि त्याने सावध व्हायलाच हवे. ज्या परंपरेने आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला, तिचे गोडवे गाण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. म्हणूनच पेरू देशातल्या पिसाक या लहानशा गावात 'मूळनिवासींच्या परंपरा अजून जिवंत आहेत' असे पर्यटकांच्या माहितीपत्रकात वाचले तेव्हा मनात पहिला प्रश्न आला तो हा, की परंपरा कोणाच्या, आणि त्यांचे ओझे कोणाच्या डोक्यावर? एका परिषदेच्या निमित्ताने त्या देशात जाणे झाले होते. हा प्रश्न बरोबर घेऊन पिसाकला दोन दिवस राहिलो.

कुस्को शहरातून तासाभराचा घाट उतरला की विल्कानोता नदीचे खोरे लागते. पिसाक इथेच, समुद्रसपाटीपासून जवळजवळ तीन हजार मीटरवर आहे. गावाच्या डोक्यावर इंका काळातली दगडी बांधांची पायऱ्यापायऱ्यांची शेते आहेत. खालचे गाव मात्र इंकांचे नव्हे. १५७० च्या दशकात स्पेनचा व्हाईसरॉय तोलेदो याने डोंगरावरच्या विखुरलेल्या वस्त्या मोडल्या आणि लोकांना चौकोनी आखणीच्या गावांत सक्तीने आणून बसवले. कर वसूल करायला, वेठीला माणसे न्यायला आणि बाप्तिस्मा द्यायला ते सोयीचे होते. पिसाक हे अशाच गावांपैकी एक. आज तिथला चौक शाली, टोप्या आणि चांदीच्या दागिन्यांच्या बाजाराने भरलेला असतो. बाया रंगीत लुगड्यांत लामाचे पिल्लू घेऊन उभ्या राहतात आणि फोटोचे पैसे घेतात. पर्यटक हे बघून परंपरा पाहिल्याच्या समाधानात परत जातात.

खरी गोष्ट रविवारी दिसते. डोंगरावरच्या केचुआ भाषिक समुदायांचे पुढारी चांदीने मढवलेल्या काठ्या घेऊन प्रार्थनेसाठी गावात उतरतात. सोबतची पोरे शंख फुंकतात. या पुढाऱ्यांना वरायोक म्हणतात. 'वारा' हा काठीसाठी स्पॅनिश शब्द, त्याला केचुआ प्रत्यय लागला आणि 'काठीवाला' असा अर्थ झाला. म्हणजे ही काठी इंकांची नव्हेच. ती स्पॅनिश राजवटीने दिली. काठीवाल्याने वरच्यांचे हुकूम खाली पोचवावेत, कर गोळा करावा, वेठीची माणसे पुरवावीत, एवढ्यासाठीच दिली.

हे ऐकल्यावर कोणत्या आंबेडकरी माणसाला महाराची काठी आठवणार नाही? घुंगरू लावलेली काठी, खांद्यावर घोंगडे. सरकारी टपाल पोचवा, सारा कचेरीत नेऊन टाका, मेलेले ढोर ओढा, पाटलाच्या हाकेला रात्री-अपरात्री हजर व्हा. मोबदल्यात बलुते आणि तुकडाभर वतनी जमीन. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. आपल्यातल्याच काहींना वतनाचा मोह सुटत नव्हता, म्हणून १९३९ साली हरेगावला त्यांनी पुन्हा तोच विषय घेतला. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा. ती काठी आपण टाकली आणि ते योग्यच केले.

मग पिसाकच्या लोकांनी आपली काठी का ठेवली?

दुभाष्याला घेऊन मी हे एका वरायोकलाच विचारले. त्याला प्रश्नच आधी कळला नाही. त्याचे म्हणणे असे, की काठी त्याची नाही. समुदायाची सभा दरवर्षी नवा माणूस निवडते. तरुणपणी निरोप्याचे काम करायचे, मग हळूहळू वरची जबाबदारी घ्यायची. प्रत्येक घराला पाळी चुकत नाही. वर्ष संपले की काठी दुसऱ्याच्या हातात. उलट या कामात पदरचे पैसे खर्च होतात, सणाला गावाला जेवण घालावे लागते. सारा फरक इथेच आहे. आपली काठी जन्माने मिळत होती आणि मरेपर्यंत सुटत नव्हती. ती एकाच जातीच्या हातात होती आणि सगळा गाव तिचा धनी होता. त्यांची काठी परक्या राजाने दिली, पण पाळीपाळीने फिरवून लोकांनी तिच्यातला हुकूम काढून घेतला. बांध दुरुस्त करणे, पाटाचे पाणी वाटणे, एकमेकांच्या शेतावर फेडीच्या बोलीने राबणे, हे सगळे आज तिच्याभोवती चालते.

याचा अर्थ तिथे समतेचे नंदनवन आहे असे कोणी समजू नये. इंकांचे राज्य हेही साम्राज्यच होते, त्यातही वरचे आणि खालचे होते. काठी हाती घेणारे बहुतेक पुरुषच. सभेत बायका मागे बसलेल्या मी पाहिल्या. पेरूच्या १९९३ च्या राज्यघटनेचे कलम १४९ या समुदायांना आपल्या रूढीप्रमाणे न्याय करण्याचा अधिकार देते, मूलभूत हक्कांना धक्का न लागण्याच्या अटीवर. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा करावा लागलेल्या महाराष्ट्रातला वकील हे कलम वाचताना त्या अटीवर आधी बोट ठेवतो.

आणि या लोकांनी सोसलेही कमी नाही. पिसाकचा कुराका बर्नार्दो ताम्बोवाक्सो याला स्पॅनिशांविरुद्धच्या कटासाठी १७८० साली कुस्कोत फाशी दिले. त्याच वर्षी तुपाक अमारूचे बंड झाले. १७८१ मध्ये ते चिरडल्यावर इंकांचा पोशाखही बेकायदा ठरवला गेला. स्पॅनिश गेले तरी जमीनदार राहिले. त्यांच्या शेतावर आणि घरात केचुआ कुटुंबांची फुकट वेठ १९६९ च्या जमीनसुधारणा कायद्यापर्यंत चालू होती. निरक्षरांना मताचा अधिकारच नव्हता. तो १९७९ च्या घटनेने दिला आणि १९८० साली त्यांनी पहिल्यांदा मतदान केले. बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला तो १९२८ साली, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. पुढे १९८० ते २००० या काळात तिथे शायनिंग पाथ आणि लष्कर यांच्या कात्रीत जी कत्तल झाली, तिच्या सत्यशोधन आयोगाने २००३ साली मृतांचा अंदाज ६९,२८० दिला. त्यांतले पाऊणशे टक्के केचुआ किंवा अन्य मूळनिवासी भाषा बोलणारे होते. कोण मेले याची राजधानीला वर्षानुवर्षे फारशी फिकीरही नव्हती. खैरलांजी पाहिलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पिसाकच्या वरच्या अंगाला या समुदायांनी मिळून 'बटाट्याचे उद्यान' उभे केले आहे. उद्यान म्हणजे बाग नव्हे, हजारो हेक्टर सामायिक शेती आणि कुरण. काळे, जांभळे, वेडेवाकडे असे हजाराहून अधिक वाण तिथे लावतात. लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने पूर्वी गोळा केलेले वाण परत मिळावेत म्हणून सहा समुदायांनी २००४ साली केंद्राशी करार केला आणि रोगमुक्त बियाणे परत डोंगरावर आणले. हे एकेकट्या शेतकऱ्याला जमले असते का? जमीन आणि बियाणे समुदायाचे, म्हणून समुदाय करार करू शकला.

अर्थात तिथेही धोका आहे. १९२० च्या घटनेने समुदायांना मान्यता दिली आणि पुढच्या घटनांनी त्यांच्या जमिनीच्या विक्रीला आडकाठी घातली. १९९३ च्या घटनेने ती आडकाठी बरीच काढून टाकली. खाणी आणि हॉटेले वाट बघत आहेत.

निघताना त्या वरायोकने उलट मलाच विचारले, की तुमची काठी गेली, मग जमिनीचे काय झाले? मी सांगितले. १९५८ च्या कायद्याने ती आधी सरकारजमा झाली, मग आकाराच्या पटीत रक्कम भरून नव्या शर्तीने ज्याची त्याला परत मिळाली. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तो म्हणाला, म्हणजे अजून तुमच्याकडे असेल. मी त्याला माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांच्या सातबाऱ्यांविषयी सांगू लागलो. दुभाष्याला 'कुळमुखत्यारपत्र' हा शब्द केचुआत सांगता येईना.