निळ्या कापडावरची मेकाँग

लाओसच्या डोंगरांतल्या ह्मोंग जमातीच्या बायकांनी भरलेल्या कथाकापडात मेकाँग नदी शोधावी लागत नाही. निळ्या किंवा करड्या कापडाला छेद देत ती या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते. पाण्यात माणसं आहेत. कुणी बांबूच्या मोळीला धरलंय, कुणी टायरच्या ट्यूबला, कुणी तराफ्यावर. मागच्या काठावर बंदुका रोखलेले सैनिक. माणूस असतो जेमतेम बोटाच्या पेराएवढा, पण बाईच्या पाठीवरच्या झोळीत बाळ आहे हेसुद्धा भरीव टाक्यांतून कळतं.

चित्रं दाखवत गोष्ट सांगणाऱ्या पिंगुळीच्या चित्रकथीत प्रसंगागणिक पान बदलतं. इथं पानं नाहीत. तेच कुटुंब वर मक्याच्या शेतात दिसतं, मग जंगलवाटेवर, मग नदीत, खाली छावणीत, आणि कधीकधी कोपऱ्यातल्या विमानाच्या शिडीवर.

या वाटेची सुरुवात लाओसच्या डोंगरांत झाली. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या सीआयएनं जनरल वांग पाओच्या हाताखाली ह्मोंग तरुणांना कम्युनिस्टांविरुद्धच्या छुप्या युद्धात उतरवलं. ते युद्ध हरल्यावर मे १९७५ मध्ये लाँग तिएंगच्या तळावरून विमानांनी मोजक्यांनाच बाहेर काढलं. बाकीचे हजारो लोक पायी निघाले. नदीपलीकडे थायलंडच्या लोई प्रांतात बान विनाईची छावणी उभी राहिली. १९८० च्या दशकात तिथं चाळीस हजारांहून जास्त लोक राहत होते.

ह्मोंगांचं पारंपरिक भरतकाम म्हणजे पांदाउ. त्यात माणसं नसत. गोगलगाईची वेटोळी, हत्तीचं पाऊल अशा आकृत्या घागऱ्यांवर आणि बाळाच्या झोळ्यांवर भरल्या जात. माणसं आली ती छावणीत. हाताला शेत नव्हतं, पैशांची निकड होती, आणि मदतकार्य करणाऱ्यांना या कामाला गिऱ्हाईक दिसत होतं. बरेचदा पुरुष रेखाटन करून देत आणि बायका ते भरत. काही आकृत्या शाळेच्या पुस्तकांतल्या चित्रांवरून उचललेल्या. भडक गुलाबी-हिरवे रंग मागे पडले, कारण अमेरिकी दिवाणखान्यात निळा आणि तपकिरी खपत होता. कडेची त्रिकोणांची नक्षी मात्र जुन्या कामातलीच राहिली.

एवढ्यावरून या कापडांना ‘पर्यटकी माल’ म्हणून नाक मुरडणारे आहेत. मला ते पटत नाही. विकायला केलं म्हणून आठवण खोटी ठरत नसते. फार तर तिची काटछाट होते.

आणि ती झालीच. सैनिकांना चाहूल लागू नये म्हणून पळताना तान्ह्या मुलांना अफू दिली जायची. मात्रा जास्त झाल्यानं काही मुलं दगावली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ह्मोंगांच्या तोंडी आठवणींत हे येतं. कापडावर ते कसं भरणार? झोपलेलं बाळ आणि गेलेलं बाळ, दोन्हींचे टाके तेच. शिवाय गिऱ्हाईक हे कापड घरच्या भिंतीवर लावणार होतं.