अनुदानाचा प्रकल्प अहवाल एआयकडून लिहून घेताय? आधी ऊन-पावसाचं सांगा!

राधानगरी : ‘नाचणी पापड उद्योगासाठी प्रकल्प अहवाल लिहून दे.’ चॅटजीपीटी किंवा जेमिनीला एवढंच सांगितलं, तरी मिनिटभरात चार-पाच पानं तयार होतात. मराठीही चकचकीत असतं. अडचण आकड्यांची आहे. तुम्ही न दिलेला आकडा एआय अंदाजाने भरतं आणि तो अंदाज आहे, हे दर वेळी सांगतंच असं नाही.

समजा, राधानगरीतल्या बचत गटातील एका महिलेला पापडाचं युनिट टाकायचं आहे. एआयने बाराही महिने सारखंच उत्पादन दाखवलं. पापड उन्हात वाळवायचे, तर इथं जून ते सप्टेंबर ऊन आणायचं कुठून? बँक अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारू शकतो. मग एकतर ड्रायरचा खर्च धरावा लागेल किंवा पावसाळ्यातलं उत्पादन कमी दाखवावं लागेल.

दुसरी चूक अनुदानाची. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत (पीएमएफएमई) वैयक्तिक उद्योगाला पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे. स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागतात. म्हणजे ३ लाखांच्या युनिटला अनुदान १ लाख ५ हजार आणि स्वतःचे ३० हजार. पण हे अनुदान रोख हातात पडत नाही. ते कर्जाशी जोडून बँकेतच राहतं. तीन वर्षांनंतर कर्ज थकलेलं नसेल आणि उद्योग सुरू असेल, तरच ते कर्जात वळतं होतं. ‘अनुदानातून मशीन घेणार’ असं वाक्य अहवालात दिसलं, तर ते आधी खोडा.

मग प्रॉम्प्ट कसा असावा?

योजनेच्या अधिकृत मार्गदर्शक सूचना आणि मशीनचं कोटेशन एआयला आधी द्या. मग असं लिहा :

‘मी राधानगरी तालुक्यात नाचणीचे पापड करते. सोबत योजनेचे नियम आणि कोटेशन दिलं आहे. सध्या महिन्याला इतके किलो विकते, दर इतका. पावसाळ्यात उत्पादन इतकं घटतं. फक्त हेच आकडे वापर. माहिती नसेल तिथे रिकामी जागा सोड आणि मला प्रश्न विचार. अनुदान हातातली रक्कम म्हणून धरू नकोस.’

यातलं ‘रिकामी जागा सोड’ हे सर्वांत कामाचं. मसुदा आल्यावर ‘बँक मॅनेजर म्हणून यावर दहा अवघड प्रश्न विचार’ असंही सांगून बघा. बेरीज-गुणाकार मात्र कॅल्क्युलेटरवर पुन्हा तपासा, कारण मुलाखतीत उत्तरं तुम्हालाच द्यायची आहेत.

आधार, पॅन, बँक खाते क्रमांक चॅटमध्ये टाकू नका. अहवाल लिहायला त्यांची गरजच नसते. कोटेशनवर नाव-पत्ता असेल तर तो झाकून फोटो काढा.

आणि अहवाल करून देतो म्हणून कोणी हजारो रुपये मागत असेल, तर थांबा. पीएमएफएमईत अर्ज आणि प्रकल्प अहवालासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. त्यांचं मानधन सरकार देतं, अर्जदार नाही. त्यांची यादी आणि अर्जाची सद्यस्थिती तालुका कृषी कार्यालयात विचारता येईल.